वाणीचा अभ्यास : ‘पुढे पुढे करणारी’



या चातुर्मासात आपण वाणीचा अभ्यास घेतला आहे. कठोर बोलण्यावरचा पाठ झाला, अर्धसत्यावरचा झाला. या पंधरवड्यात पाठ लिहायची पाळी आम्हां वडोदऱ्याच्या मंडळाची. विषय शोधावा लागला नाही, तो आमच्याच हातून घडला. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आम्ही हे कुठल्या जागेवरून बोलतोय ते तुम्हाला कळेल.

आमच्याकडे तीनेक वर्षांपासून एक ताई येतात. नाव लिहीत नाही, पण हा पाठ त्यांना दाखवून, त्यांच्या संमतीनं पाठवतोय. त्यांचा केटरिंगचा धंदा. पूर्वी लग्नघरी पोळ्या लाटायला जायच्या, आज त्यांचे दोन टेम्पो आहेत आणि गोत्रीकडे मोठा फ्लॅट आहे. ताई पहिल्या रांगेत बसतात. बाहेरगावचे वक्ते आले की स्टेशनवर गाडी त्यांची. फोटो निघाला की त्या पाहुण्यांच्या शेजारी. जुन्या घरांतल्या काकूंना वाढदिवसाला आठवणीनं फोन, कधी साडीसुद्धा.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आम्ही सहा जणी एकीच्या घरी फुलवाती करत बसलो होतो. पाद्यपूजेला कुठली पाच जोडपी बसवायची हा विषय निघाला. आमच्यातल्या एकीनं चिटणीस काकूंना व्हॉइस नोट केली. त्यात ती म्हणाली, “यांना नको हं बसवायला. आधीच अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झाल्यात. काल पोळ्या लाटत होत्या, आज सगळीकडे पुढे पुढे करतात.” ही नोट काकूंना न जाता दोनशे जणांच्या ग्रुपवर गेली. चार-पाच मिनिटांत लक्षात आलं, पुसूनही टाकली. तोवर ताईंनी ऐकली होती.

बोलली एक जण हे खरं, पण त्या नोटमध्ये मागे आमचं हसू ऐकू येतं. म्हणून हा पाठ ‘आम्ही’ असा लिहितोय.

ताई पौर्णिमेला आल्या नाहीत. पुढचे चार शनिवारही आल्या नाहीत. महिन्याभरानं आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, चकल्या झाल्या, पावसाविषयी बोलून झालं. आम्ही क्षमा मागितली, त्या “जाऊ दे हो” म्हणाल्या. मग दारापर्यंत सोडायला आल्यावर त्यांनी विचारलं, “एकच सांगा. डॉक्टरीणबाईंची गाडीपण स्टेशनवर जाते. त्यासुद्धा पुढेच बसतात. त्यांना तुम्ही काय म्हणता?”

आम्ही डॉक्टरीणबाईंना सेवाभावी म्हणतो. लिफ्टमध्ये दोघीही गप्प होतो.

त्यानंतर आम्ही इतर केंद्रांना निरोप पाठवला, की खालून वर चढू पाहणाऱ्या माणसाला तुमच्याकडे काय काय म्हणतात ते लिहून पाठवा. दोन दिवसांत इतके शब्द जमले की वही भरली. भगिनींनो, एरवी पाठाचा गृहपाठ मागितला तर आठवडा जातो!

मराठीतलेच आधी पाहा. उपटसुंभ. नवश्रीमंत. आगाऊ. शेफारलेला. गोंडा घोळणारा. हांजी हांजी करणारा. ओळखी काढणारी. मिरवणारी. मग ‘चढ’ची सगळी बाळं : डोकं चढलंय, माज चढलाय, चढेल झालाय, कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. म्हणजे चढणं हीच मुळात शंकेची गोष्ट. जिना चढला तर चालतो, माणूस चढला की आपल्या भाषेला खटकतं. हळदीच्या तर दोन म्हणी आल्या. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ही एक, आणि ‘पी हळद नि हो गोरी’ ही दुसरी. एकीत थोडक्या मिळकतीवर फुगणाऱ्याला हसलंय, दुसरीत घाई करणाऱ्याला. उथळ पाण्याला खळखळाट फार, बडा घर पोकळ वासा, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा याही आल्याच.

ग्वाल्हेरच्या भगिनींनी हिंदीतली ‘छछूंदर के सिर में चमेली का तेल’ पाठवली. चिचुंद्रीच्या डोक्याला चमेलीचं तेल! ऐकून आम्हाला पुन्हा हसू आलं, तेही इथे कबूल करतो. इथल्या आमच्या गुजराती शेजारणी ‘मोटाई’ म्हणतात. आणि गंमत अशी की बेळगावहून आणि हैदराबादहून, एकमेकींना न विचारता, एकच म्हण आली. बेळगावची कानडीत, ‘अल्पनिगे ऐश्वर्य बंदरे अर्धरात्रियल्ली कोडे हिडिदनंते’, आणि हैदराबादची तेलुगूत. अर्थ एकच. क्षुद्र माणसाला ऐश्वर्य मिळालं, तर त्यानं मध्यरात्री छत्री धरली.

या छत्रीवर आमचा अख्खा शनिवार गेला, कारण तीत बरंच काही दडलेलं आहे. मध्यरात्री ऊन नाही, मग छत्री कशाला? दाखवायला. एवढा अर्थ कुणालाही लागतो. पण दाखवायला छत्रीच का, दिवा का नाही? कारण छत्र हा मान होता. आपल्याकडे राजा छत्रपती झाला तो त्याच छत्रानं. पेशवाईत पालखी, अबदागिरी हे मान सरकारातून मिळायचे. ऐपत आली म्हणून कुणी उठून अबदागिरी धरून चालू लागायचं नाही. म्हणजे म्हणीतला तो माणूस नुसता वेडेपणा करत नाहीये. आयुष्यभर जी गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यावर पाहिली आणि आपल्याला मनाई होती, ती हाताशी येताच त्याला सकाळपर्यंत थांबवलं नाही. म्हणीनं त्याला ‘अल्प’ म्हटलं. छत्रीखाली जन्मलेल्याला छत्री धरल्याबद्दल कुठलीही म्हण हसत नाही.

हे लक्षात आल्यावर वही पुन्हा उघडली आणि प्रत्येक शब्दापुढे लिहून पाहिलं, की हेच काम जुन्या, नावाजलेल्या घरातल्या बाईनं केलं तर आपण काय म्हणू. तिच्या ‘ओळखी आहेत’, हिनं ‘ओळखी काढल्या’. ती हौशी, ही दिखाऊ. ती मोकळ्या स्वभावाची, ही आगाऊ. त्यांची राहणीच तशी, यांचा थाट बघा. ती माणसं जोडते, ही माणसं गाठते. कृती तीच, शब्द दोन. आणि कुठला शब्द कुणाला द्यायचा हे आपण क्षणात ठरवतो, विचार न करता. आडनाव, पत्ता, बोलण्यातला हेल, साडीचा पोत, एवढ्यावर.

आता आमचं स्वतःचं. वडोदऱ्यात जुन्या मराठी घरी गेलात, की चहाबरोबर एक वाक्य मिळतं : आमचे पणजोबा सरकारात होते. सरकारात म्हणजे गायकवाडांच्या दरबारी. इंदूरला होळकरांच्या, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या. सरकारात काय होते, असं विचारलं की बहुतेक वेळा विषय बदलतो. फुलवाती करताना हसलेल्या सहा जणींपैकी एकीच्या माळ्यावर जुना कागद निघाला. तिचे पणजोबा शागीर्दपेशातले होते, म्हणजे वाड्यातल्या नोकरचाकरांतले. तिनं तो कागद परवाच्या बैठकीत आणून आमच्यापुढे ठेवला. चांगलं धैर्य लागतं त्याला. मग दुसरी म्हणाली, आमचे आचारी होते, आजोबा नेहमी ‘मुदपाकखान्याची व्यवस्था’ म्हणायचे.

असं पाहिलं तर आपली ही सगळी शहरं चढून आलेल्यांनीच वसवलेली आहेत. होळकरांचे मूळपुरुष मल्हारराव हे धनगराच्या घरातले. आमचे सयाजीराव महाराज १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला शेतकरी कुटुंबात जन्मले. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्यांनीच राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९०६ मध्ये. त्यांना अर्ध्या हळकुंडाची म्हण कुणी लावत नाही. गादीवर बसलेल्याला म्हणी लागत नाहीत.

पण या पाठासाठी सगळ्यात जवळचा वाटला तो महादजी शिंद्यांचा प्रसंग. ग्वाल्हेरच्या मंडळींना तो पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडा सविस्तर सांगतो.

शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील. महादजींचे वडील राणोजी तरुणपणी पेशव्यांच्या पदरी होते आणि पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे होतं, असं सांगतात. धनी आत दरबारात असताना राणोजींना बाहेर झोप लागली, पण झोपेतही जोडे छातीशी घट्ट धरलेले होते. ते पाहून पेशवे खूश झाले आणि राणोजींचं नशीब तिथून उघडलं, अशी ती गोष्ट. राणोजी सरदार झाले. महादजी हे त्यांच्या लग्नाच्या बायकोचे पुत्र नव्हते. त्यामुळे भाऊ-पुतणे गेल्यानंतरही सरदारकी त्यांच्या हाती यायला बरीच वर्षं आणि बरीच भांडणं लागली. त्या काळात पुण्यात त्यांच्याविषयी काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना आपल्याला, म्हणजे व्हॉइस नोट करणाऱ्यांना, सहज करता येईल.

पुढे याच महादजींनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या आश्रयाखाली आणलं. १७९२ साली ते बादशहाकडून पेशव्यांसाठी मोठा किताब आणि मानाची वस्त्रं घेऊन पुण्यात आले. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्याएवढा बलवान माणूस तेव्हा दुसरा नव्हता. गादीवर सवाई माधवराव, जेमतेम अठरा वर्षांचे. भेटीला जाताना महादजी हत्तीवरून खाली उतरले आणि सभेत सगळ्या मानकऱ्यांच्या खाली, शेवटी जाऊन उभे राहिले. वर येऊन बसायला सांगितलं तर माझी ती योग्यता नाही म्हणाले. काखेतलं गाठोडं सोडून त्यातून नवे जोडे काढले, पेशव्यांपुढे ठेवले, त्यांच्या पायांतले जोडे उचलून त्याच गाठोड्यात बांधले आणि काखेत घेतले. माझ्या वडिलांचं काम हेच होतं, माझंही हेच, अशा अर्थाचं बोलले. बरीच मनधरणी झाली तेव्हा कुठे बसले.

आता याला काय म्हणायचं? आमच्या बैठकीत इथे दोन तट पडले. एकीला डोळ्यांत पाणी आलं. दुसरी म्हणाली, हे नाटक आहे, एवढा मोठा माणूस सर्वांसमोर जोडे उचलतो तो पाहणाऱ्यांसाठी उचलतो. या दुसरीच्या बाजूला बडी माणसं आहेत. ग्रँट डफ आणि माल्कम या दोघा ब्रिटिश इतिहासकारांनी महादजींच्या या नम्रतेत डावपेच पाहिला. पुण्याच्या दरबारातही त्यांच्याकडे संशयानं पाहणारे पुष्कळ होते. महादजी स्वतःला नुसता ‘पाटील’ म्हणवून घेत, लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. त्यातही लोकांनी ढोंग पाहिलं.

आमचं मत सांगायचं तर, नम्रता आणि डाव दोन्ही असू शकतं. माणूस एका वेळी एकाच कारणानं वागतो असं थोडंच असतं? पण एक पाहा. महादजी पेशव्यांच्या बरोबरीनं वर बसले असते तर लोकांनी म्हटलं असतं, जोडे उचलणाऱ्याचा पोरगा बघा कुठे बसला. खाली उभे राहिले तर म्हटलं, नाटकी आहे. चढून आलेल्याला योग्य अशी बसायची जागाच आपण ठेवत नाही. आमच्या ताई आता मुद्दाम मागे बसू लागल्या, तर आम्हीच म्हणू की बघा, रुसव्याचा देखावा चाललाय.

महादजींची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती या पाठाला जास्त कामाची आहे. १७६१ च्या पानिपतातून ते जखमी होऊन निघाले. पायावर असा घाव बसला की जन्मभर लंगडत चालले. रणातून त्यांना वाचवलं ते राणेखान नावाच्या भिस्त्यानं. पखालीतून पाणी वाहणारा माणूस. त्यानं त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. दिवस पालटल्यावर महादजींनी त्याला सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढवलं आणि भाऊ म्हटलं. कागदोपत्रीसुद्धा तो ‘राणेखान भाई’ आहे. जोडे उचलणं पाच मिनिटांचं काम, त्यात नाटक करता येतं. भिस्त्याला वर्षानुवर्षं भाऊ म्हणून शेजारी बसवणं नाटकानं निभत नाही.

जोड्यांवरून आठवलं. इंग्रजीतला ‘स्नॉब’ शब्द आपण सर्रास वापरतो. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये त्या शब्दाचा अर्थ चांभार असा होता. तिथून तो ‘सामान्य, खालच्या थरातला माणूस’ असा झाला, मग ‘वरच्यांची नक्कल करणारा’, आणि आता वरून खाली पाहणाऱ्यालाही आपण स्नॉब म्हणतो. म्हणजे शिवी खालून निघाली आणि फिरत फिरत देणाऱ्याच्याच दारात आली. थॅकरे या कादंबरीकारानं १८४६-४७ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात इंग्लंडमधल्या स्नॉबांवर लेखमाला लिहिली. लेखकाचं नाव म्हणून त्यानं ‘त्यांच्यातलाच एक’ असं घातलं होतं. आम्हीही या पाठाखाली तसंच लिहायला हरकत नाही.

इथे थोडं अवघड बोलायचं आहे. कुटुंब-ग्रुपात सगळ्या वयाची, सगळ्या घरांतली मंडळी आहेत, पण टाळलं तर अभ्यास अर्धा राहील. ‘पायरी’ हा शब्द आपण हलकेच वापरतो. पायरी ओळखून राहावं, पायरी सोडू नये. ही पायरी कुणी बांधली? आमच्यातली एक समाजशास्त्रात एम.ए. आहे. तिनं सांगितलं की एम. एन. श्रीनिवास हे नावाजलेले समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होते. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार, आहार, विधी उचलून हळूहळू वर सरकू पाहतात, याला त्यांनी ‘संस्कृतीकरण’ असं नाव दिलं. आणि वरच्यांना ते रुचत नाही, अडवतात, हेही नोंदवलं. म्हणजे चढायचा मार्ग आपणच दाखवायचा, आमच्यासारखं वागा, आमच्यासारखं बोला, आणि कुणी त्या मार्गानं आलं की नक्कल करतो म्हणून हसायचं.

पण नक्कल न करता, नुसत्या विद्येनं वर आलेल्याचं तरी काय झालं? याच शहरात १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. एवढं शिकून आलेल्या माणसाला वडोदऱ्यात राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. मित्रांकडे आसरा मागितला तर त्यांनीही सबबी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. आम्ही त्या बागेत रोज सकाळी फिरायला जातो, त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात हेही माहीत आहे. पण तेव्हाच्या वडोदऱ्यात ‘सरकारात असलेले’ आमचे पणजोबाही होते, हा विचार या पाठाच्या निमित्तानं पहिल्यांदा मनात आला. त्या सरकारातल्या एकाही घराचं दार का उघडलं नाही?

ही गोष्ट आणि ताईंची गोष्ट एका मापाची नाही, हे आम्हाला कळतं. कुठे तो अन्याय आणि कुठे आमची एक व्हॉइस नोट. पण ‘तू इथे कसा?’ हा प्रश्न दोन्हींकडे आहे.

तर मग चढणाऱ्याला काहीच म्हणू नये का? असं आम्ही म्हणत नाही. दोष असतो आणि त्यालाही आपल्या भाषेत नेमके शब्द आहेत. ताकापुरतं रामायण. कामापुरता मामा. गरज सरो, वैद्य मरो. या म्हणी नीट पाहा, यांत कुणाच्या जन्माला, हळदीला, चमेलीच्या तेलाला हात लावलेला नाही. माणसाचा पायरीसारखा उपयोग केला आणि वर गेल्यावर तिच्याकडे पाहिलं नाही, एवढ्याचाच जाब विचारलाय. आमच्या एकीच्या नात्यात असं घडलं. मुलगा सहा वर्षं मावशीकडे राहून शिकला, मोठा अधिकारी झाला. त्याच्या मुलीच्या लग्नात पुढाऱ्यांकडे जोडीनं जाऊन, अक्षता देऊन, पत्रिका दिली. मावशीला व्हॉट्सअॅपवर. मावशी लग्नाला गेली, आहेरही केला, काही बोलली नाही. हे घर जुनं आहे, चार पिढ्यांचं नाव आहे. म्हणून त्याला आम्ही कुणी कधी ‘चढेल’ म्हटलं नाही. ‘फार बिझी असतो’ म्हटलं.

ताईंच्या घरी त्या दिवशी आणखी एक बाई होत्या. आमच्याबरोबर सोफ्यावर बसून चहा घेत होत्या, मध्येच उठून फोनवर कुणाच्या मुंजीची ऑर्डर लिहून घेत होत्या. ताईंनी ओळख करून दिली : आम्ही दोघी बरोबर पोळ्या लाटायचो, आता सगळ्या ऑर्डरी हीच बघते, धंद्यात हिचाही वाटा आहे. तीन वर्षं ताई येतात, पण ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. विचारलंच नव्हतं कधी.

त्यांना देवी करायचं नाहीये. त्यांनाही ते आवडणार नाही. हा पाठ वाचून त्या म्हणाल्या, “ते लिहा की मला पुढे बसायला आवडतं. खोटं कशाला? मोठ्या लोकांत ऊठबस असावी असं वाटतं, मुलीचं लग्न व्हायचंय अजून.” आम्ही म्हटलं, लिहितो. आमच्या मुलींच्या वेळी आम्ही हेच करत होतो, फक्त आम्हाला त्यासाठी पुढे जाऊन बसावं लागलं नाही. आमच्या सासवा आधीच तिथे बसलेल्या होत्या.

बोलता बोलता त्यांच्याकडच्या भांडीवाल्या मावशींचा विषय निघाला. मावशींच्या मुलानं हप्त्यावर नवी मोटारसायकल घेतली होती. ताई म्हणाल्या, “हल्ली त्यांचंपण डोकं फार...” आणि थांबल्या. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो, मग चौघीही हसलो. त्या वेळचं हसू चांगलं होतं.

ताई अजून दर शनिवारी येत नाहीत. मागच्या शनिवारी आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या. पुढे या म्हटलं तर “इथे पंखा आहे” म्हणाल्या. पाद्यपूजेची जोडपी यापुढे चिठ्ठ्या टाकून निवडायची असं मंडळात सुचवलं आहे. चिटणीस काकूंना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, चिठ्ठ्या टाकून तुमचं तोंड बंद होणार आहे का? चर्चा चालू आहे.

या पंधरवड्याचा अभ्यास असा. घरातल्या प्रत्येकानं, मुलांनीसुद्धा, एक छोटी यादी करायची. गेल्या महिन्यात कुणाविषयी कुठला असा शब्द वापरला ते एका बाजूला, आणि तेच काम आपल्या माणसानं केलं असतं तर कुठला शब्द वापरला असता ते दुसऱ्या बाजूला. नावं लिहू नयेत, नाती लिहिली तरी चालतील. दुसरं, आपापल्या घरातला तो ‘सरकारात होते’वाला माणूस नक्की काय काम करत होता, ते वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. पणजीविषयीही विचारा, तिचं काम कुणीच सांगत नाही. गोव्याच्या आणि बेळगावच्या भगिनींकडून अजून शब्द यायचे आहेत, ते एकादशीपर्यंत पाठवावेत. पुढचा पाठ ग्वाल्हेर केंद्राचा आहे. आणि पाठवताना ग्रुप कुठला आहे ते एकदा पाहून घ्या.

वडोदरा मंडळाच्या सहा जणी